मुलांच्या कवटीतील दुर्मीळ अस्थिविकार : अल्पछेदी उपचार आणि त्यांचे अर्थकारण

सार्वजनिक आरोग्याच्या नियोजनात ज्या रोगांची रुग्णसंख्या मोठी असते, त्यांना साहजिकच अग्रक्रम मिळतो. क्षयरोग, हिवताप, कुपोषण, रक्तक्षय, मधुमेह यांसाठी राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र कार्यक्रम राबविले जातात. परंतु आजारांचा आणखी एक वर्ग असा आहे की, त्यातील प्रत्येक आजार अगदी थोड्या व्यक्तींना होतो; मात्र असे आजार हजारोंच्या संख्येने असल्याने त्यांचा एकत्रित भार मोठा ठरतो. या वर्गाला 'दुर्मीळ आजार' म्हणतात. अशा आजाराचे मूल ज्या घरात असते, त्या घरापुरता 'दुर्मीळ' या शब्दाला अर्थ उरत नाही. मर्यादित साधनसंपत्तीतून या मुलांसाठी किती आणि कसा खर्च करावा, हा आरोग्य अर्थशास्त्रातील महत्त्वाचा प्रश्न आहे. लहान मुलांच्या कवटीच्या हाडात उद्भवणारे दुर्मीळ विकार आणि त्यांवरील अल्पछेदी उपचार हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण होय.

विकारांचे स्वरूप

कवटीची चपटी हाडे दोन कठीण थरांची बनलेली असतात व त्या दोहोंमध्ये अस्थिमज्जेचा मऊ थर असतो. या हाडांत बालवयात निरनिराळ्या प्रकारचे विकार निर्माण होऊ शकतात. गर्भावस्थेत त्वचेचा अंश हाडांच्या सांध्यात अडकून राहिल्याने तयार होणारी डर्मॉइड गाठ ही त्यांपैकी सर्वांत जास्त आढळते. त्याखालोखाल लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस (पुढे 'हिस्टिओसायटोसिस') हा विकार येतो. हाडाच्या जागी तंतुमय ऊतक निर्माण होणारा फायब्रस डिस्प्लेसिया, रक्ताने भरलेल्या पोकळ्यांचा अॅन्युरिझमल बोन सिस्ट आणि रक्तवाहिन्यांच्या गाठी हे त्याहून विरळ आढळतात. यांतील बहुतेक विकार कर्करोगाचे नसतात. तथापि मेंदू, डोळा व कान यांच्या सान्निध्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

हिस्टिओसायटोसिसचा इतिहास वैद्यकीय ज्ञान कसे टप्प्याटप्प्याने बदलत जाते हे दाखवितो. पॉल लँगरहॅन्स यांनी १८६८ मध्ये बर्लिन येथे विद्यार्थिदशेतच त्वचेतील एका विशिष्ट पेशीचे वर्णन केले. हाडे, त्वचा व अन्य अवयवांत आढळणाऱ्या आणि तोपर्यंत वेगवेगळ्या मानल्या गेलेल्या काही विकारांना लुई लिक्टेनस्टाइन यांनी १९५३ मध्ये 'हिस्टिओसायटोसिस एक्स' या एका नावाखाली आणले. या विकारातील पेशींचे लँगरहॅन्स पेशींशी साम्य १९७३ मध्ये दाखविण्यात आले व १९८७ मध्ये सध्याचे नाव रूढ झाले. २०१० मध्ये निम्म्याहून अधिक रुग्णांच्या नमुन्यांत 'बीआरएएफ' या जनुकातील बदल आढळला. त्यामुळे हा केवळ दाहाचा विकार नसून रक्तपेशींच्या पूर्वज पेशींपासून उद्भवणारी वाढ आहे, असे मानले जाऊ लागले.

हा विकार एक ते चार वर्षे या वयोगटात अधिक दिसतो. हाडांपैकी कवटीतच तो सर्वांत जास्त वेळा आढळतो. काही मुलांत तो एकाच हाडातील एकाच ठिकाणी मर्यादित राहतो, काहींत अनेक हाडांत पसरतो, तर काहींत यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांनाही ग्रासतो. उपचार व रोगाचे भवितव्य या विस्तारावर अवलंबून असते. एकाच ठिकाणी मर्यादित असलेल्या विकारात जवळजवळ सर्व मुले बरी होतात.

निदानातील विलंब

या विकारांतील खरी अडचण उपचारापूर्वीच सुरू होते. मुलाच्या डोक्यावर उंचवटा दिसला की पडल्यामुळे टेंगूळ आले असावे, असा घरच्यांचा समज होतो. गाठ मऊ व दुखरी असल्यास तिला गळू समजून चिरा दिला जातो. कानामागच्या हाडात विकार असल्यास कान सतत वाहतो आणि महिनोन्महिने कानाच्या संसर्गाचेच औषध चालू राहते. पोषग्रंथीवर परिणाम झाल्यास मूल वारंवार पाणी पिते व वारंवार लघवीला जाते. साखरेच्या मधुमेहाशी संबंध नसलेल्या या अवस्थेला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात. ती बहुधा कायमची राहते. भारतात आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी लागते. कवटीच्या हाडाचा क्षयरोगही क्ष-किरण चित्रात अशाच पोकळीच्या रूपाने दिसू शकतो. म्हणून केवळ चित्र पाहून उपचार ठरविणे धोक्याचे असते.

निदानाचा क्रम सोपा, पण काटेकोर आहे. लहान बालकाच्या डोक्यावरील गाठीची पहिली तपासणी सोनोग्राफीने होऊ शकते. ती स्वस्त असून तीत किरणोत्सर्ग नसतो. क्ष-किरण चित्रात हिस्टिओसायटोसिसची पोकळी हाडाला ठशाने भोक पाडावे तशी स्पष्ट कडांची दिसते. हाडाचा नाश किती झाला हे सी.टी. स्कॅनवरून, तर मेंदूची आवरणे व पोषग्रंथी यांची स्थिती एम.आर.आय.वरून कळते. बालवयात किरणोत्सर्ग शक्य तितका टाळावयाचा असल्याने सी.टी. स्कॅन वारंवार केला जात नाही. कवटीच्या मध्यरेषेवरील गाठीत चित्रण झाल्याखेरीज सुई घालणे वर्ज्य मानले जाते, कारण ती गाठ आतील मेंदूच्या आवरणाशी किंवा मोठ्या रक्तवाहिनीशी जोडलेली असू शकते. हिस्टिओसायटोसिसच्या अंतिम निदानासाठी ऊतकाचा नमुना (बायोप्सी) घेऊन त्यात सीडी१ए व लँगेरिन (सीडी२०७) या खुणा तपासल्या जातात. त्यानंतर अन्य हाडे, यकृत, प्लीहा व रक्त यांची तपासणी करून विकाराचा विस्तार ठरविला जातो.

उपचारपद्धतीतील स्थित्यंतर

पूर्वी अशा गाठीभोवतीच्या निरोगी हाडासह मोठा भाग काढून टाकण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल असे. काही ठिकाणी क्ष-किरणोपचारही दिले जात. हाडाचा मोठा भाग काढल्यास कवटीत पोकळी राहते, ती भरून काढण्यासाठी पुढे दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते आणि वाढत्या वयात कवटीचा आकार बिघडण्याचा धोका असतो. किरणोपचारामुळे पुढील आयुष्यात कर्करोग उद्भवण्याची भीती असल्याने मुलांत ते आता शक्यतो टाळले जातात.

आजच्या उपचारांचे सूत्र 'पुरेसे, परंतु कमीत कमी' असे आहे. त्याचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला प्रकार निरीक्षणाचा. एकाच ठिकाणी असलेला, त्रास न देणारा व धोक्याच्या जागी नसलेला हिस्टिओसायटोसिस अनेकदा नमुना घेतल्यानंतर आपोआप भरून येतो. अशा वेळी ठरावीक अंतराने तपासणी करीत राहणे हाच उपचार ठरतो.

दुसरा प्रकार सुईद्वारे उपचाराचा. सी.टी. स्कॅनच्या साहाय्याने गाठीत सुई नेऊन नमुना घेतला जातो व निदानाची खात्री पटल्यावर मेथिलप्रेड्निसोलोन हे स्टेरॉइड गाठीतच सोडले जाते. मोठा छेद टळतो व रुग्णालयातील मुक्काम थोडक्यात आटोपतो.

तिसरा प्रकार लहान छेदातून गाठ खरवडून काढण्याचा. लहान पोकळी संपूर्ण खरवडता येते. पोकळी पाच सेंटिमीटरहून मोठी असेल, तर नमुना घेऊन अंशतः खरवडणे पुरेसे मानले जाते. सर्वच काढण्याच्या अट्टाहासाने हाड भरून येण्यास अधिक काळ लागतो.

चौथा प्रकार दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा. कपाळावरील वा भुवईजवळील डर्मॉइड गाठ केसांच्या रेषेमागे लहान छेद घेऊन दुर्बिणीतून काढता येते, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. फायब्रस डिस्प्लेसियामध्ये दृष्टिमज्जेवर दाब येऊन दृष्टी कमी होऊ लागल्यास काही रुग्णांत नाकावाटे दुर्बिणीने तो दाब कमी केला जातो. मात्र दृष्टी उत्तम असताना केवळ खबरदारी म्हणून अशी शस्त्रक्रिया करू नये, असा तज्ज्ञांचा कौल आहे. अॅन्युरिझमल बोन सिस्टमध्ये सुईवाटे औषध सोडून पोकळ्या बंद करणे, तसेच शस्त्रक्रियेपूर्वी रक्तपुरवठा रोखणे हे मार्ग निवडक रुग्णांत वापरले जातात.

अल्पछेदी उपचारांच्या मर्यादा

छेद लहान असला म्हणून जबाबदारी लहान होत नाही. हिस्टिओसायटोसिस डोळ्याच्या खोबणीत, कानामागील हाडात किंवा कवटीच्या तळाशी असल्यास पुढे मज्जासंस्थेवर परिणाम होण्याचा धोका वाढतो. अशा ठिकाणी गाठ एकच असली तरी स्थानिक उपचार पुरेसे मानले जात नाहीत. व्हिनब्लास्टिन व प्रेड्निसोलोन ही औषधे सुमारे वर्षभर देण्याची पद्धत आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, एकाहून अधिक अवयवसंस्थांत विकार असूनही यकृतासारखे धोक्याचे अवयव सुटलेल्या मुलांचा अभ्यास होता. त्यात सहा महिने औषध घेतलेल्यांपैकी ५४ टक्के मुलांत पाच वर्षांच्या आत विकार पुन्हा उद्भवला. बारा महिने घेतलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. उपचार पूर्ण करण्याचे महत्त्व यावरून लक्षात येते.

उष्णतेने गाठ नष्ट करणारी रेडिओफ्रिक्वेन्सी पद्धत हातापायांच्या हाडांतील काही गाठींसाठी उपयुक्त ठरली आहे. कवटीत मात्र मेंदू अगदी लगत असल्याने तिचा वापर फारच मर्यादित आहे. जनुकातील बदलावर नेमके काम करणारी नवी औषधे गंभीर रुग्णांत गुणकारी ठरतात; परंतु ती थांबविल्यावर विकार अनेकदा परत येतो आणि त्यांची किंमतही मोठी आहे. म्हणून साध्या, एकाच जागच्या विकारात त्यांना स्थान नाही.

संख्येचे गणित

अन्य देशांतील नोंदींनुसार हिस्टिओसायटोसिसचे प्रमाण १५ वर्षांखालील दर दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण चार ते पाच नवे रुग्ण असे आहे. भारतात या वयोगटाची लोकसंख्या सुमारे ३५ कोटी आहे. हाच दर लागू केल्यास देशात वर्षाला अंदाजे १४०० ते १७५० नवे रुग्ण अपेक्षित आहेत. देशातील सुमारे ७८० जिल्ह्यांत ते सारखे विभागले, तर प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाला दोनच मुले येतात.

या साध्या गणितातून दोन निष्कर्ष निघतात. एक, जिल्हा पातळीवरील डॉक्टरला हा विकार क्वचितच पाहावयास मिळणार. म्हणून निदान चुकणे हा केवळ व्यक्तीचा दोष नसून रचनेचा परिणाम आहे. दोन, प्रत्येक जिल्ह्यात उपचारकेंद्र उभारणे किफायतशीर नाही. सी.टी. व एम.आर.आय. यंत्रे, बालभूलतज्ज्ञ, मेंदूशल्यचिकित्सक व ऊतकतज्ज्ञ यांचा खर्च मुख्यतः स्थिर स्वरूपाचा असतो. रुग्णसंख्या वाढते तसा दर रुग्णामागील स्थिर खर्च कमी होतो आणि अनुभवाने कौशल्यही वाढते. यालाच प्रमाणाच्या काटकसरी म्हणतात. तेव्हा उपचार थोड्या केंद्रांत एकवटावेत आणि संशय घेण्याची क्षमता मात्र सर्वत्र पसरावी, हे या क्षेत्रातील किफायतशीर सूत्र आहे.

कुटुंबावरील भार

आजाराचा खर्च तीन भागांत मोजला जातो. तपासण्या, शस्त्रक्रिया व औषधे हा थेट वैद्यकीय खर्च. प्रवास, निवास व भोजन हा थेट अवैद्यकीय खर्च. आणि बुडालेली मजुरी हा अप्रत्यक्ष खर्च. उपचार मोजक्या शहरांत एकवटले की पहिला खर्च घटतो, पण दुसरा व तिसरा कुटुंबाच्या माथी येतो. वर्षभर वारंवार इंजेक्शनसाठी दूरच्या शहरात जाणाऱ्या रोजंदारी कामगाराच्या घरात स्वस्त औषधही महाग ठरते. उपचार अर्ध्यावर सोडण्यामागे हे मोठे कारण असते.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट लक्षणीय असली, तरी उरलेला वाटा अजूनही मोठा आहे. सरकारचा आरोग्यावरील खर्च २०२१-२२ मध्ये स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ ने तो २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरविले होते.

हिस्टिओसायटोसिसबाबत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. नवे तंत्रज्ञान सहसा महाग असते; येथे मात्र सौम्य उपचारच स्वस्तही आहे. सुई, जुने व पेटंटमुक्त स्टेरॉइड आणि ठरावीक काळाने तपासणी यांचा खर्च कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा पुष्कळ कमी येतो. महाग व दुर्मीळ आहे ते अचूक निदान. म्हणून सार्वजनिक पैशाचा जास्तीत जास्त लाभ यंत्रांपेक्षा ऊतकतज्ज्ञ, खुणांची तपासणी आणि रुग्णाचा प्रवास यांवरील खर्चातून मिळू शकतो.

येथे प्रोत्साहनाचा प्रश्नही उपस्थित होतो. विम्यातील दर प्रायः केलेल्या प्रक्रियेनुसार ठरतात. मोठ्या शस्त्रक्रियेला मोठा दर, तर 'थांबून पाहण्याला' जवळजवळ काहीच नाही. डॉक्टरकडे माहिती अधिक व पालकांकडे कमी, या माहितीच्या विषमतेत असे दर अनावश्यक शस्त्रक्रियेकडे पारडे झुकवू शकतात. निदानापासून पुढील काही वर्षांच्या तपासण्यांपर्यंत एकत्रित दर ठरविणे हा त्यावरील एक उपाय आहे.

धोरणात्मक चौकट

दुर्मीळ आजाराची व्याख्या देशोदेशी वेगळी आहे. अमेरिकेत दोन लाखांहून कमी रुग्ण असलेला, तर युरोपीय संघात दर दहा हजारांत पाचपेक्षा अधिक व्यक्तींना न होणारा आजार दुर्मीळ समजला जातो. अमेरिकेने १९८३ मध्ये 'ऑर्फन ड्रग' कायदा करून अशा आजारांच्या औषध संशोधनाला सवलती दिल्या, कारण छोट्या बाजारपेठेत कंपन्यांना नफ्याची खात्री नसते. बाजाराच्या अपयशाचे हे नमुनेदार उदाहरण होय.

भारताने मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण स्वीकारले. पुरेशी आकडेवारी नसल्याने त्यात संख्येवर आधारित व्याख्या न करता आजारांचे तीन गट पाडले आहेत : एकदाच केलेल्या उपचाराने बरे होऊ शकणारे, दीर्घकाळ, पण तुलनेने कमी खर्चाचे उपचार लागणारे, आणि अतिशय महागडे, आजन्म उपचार लागणारे. मे २०२२ पासून या धोरणात समाविष्ट आजारांसाठी उत्कृष्टता केंद्रांत प्रतिरुग्ण ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था, लखनौची संजय गांधी संस्था आणि मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय ही अशा केंद्रांपैकी काही होत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची दुर्मीळ आजार नोंदवही २०१७ मध्ये सुरू झाली.

कवटीच्या विकारांपुरते पाहिल्यास अन्य योजनाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम शून्य ते १८ वर्षांच्या मुलांची अंगणवाडी व शाळांत तपासणी करतो. सप्टेंबर २०१८ मध्ये रांची येथे प्रारंभ झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देते. तथापि बाह्यरुग्ण तपासण्या मुख्यत्वे तिच्या कक्षेबाहेर राहतात, आणि या विकारात दीर्घकाळाचा पाठपुरावा बाह्यरुग्ण स्वरूपाचाच असतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोग डे-केअर केंद्रे उभारण्याचे जाहीर झाले. व्हिनब्लास्टिनसारखी इंजेक्शने मोठ्या केंद्राच्या सल्ल्याने अशा ठिकाणी देता आली, तर पालकांच्या कित्येक खेपा वाचतील.

पुढील दिशा

उपलब्ध योजनांची सांगड घालण्यासाठी चार बाबींवर भर देणे आवश्यक आहे. पहिली, शाळा व अंगणवाडी तपासणीत तीन आठवड्यांत न ओसरणारे टेंगूळ, औषधाला दाद न देणारा कानाचा स्राव आणि असाधारण तहान या लक्षणांची नोंद व्हावी. दुसरी, जिल्हा रुग्णालयातील चित्रे व ऊतकाचे नमुने उत्कृष्टता केंद्राकडे पाठविण्याची निश्चित पद्धत असावी. मूल प्रवास करण्याआधी नमुना व चित्र प्रवास करू शकतात. तिसरी, पाठपुराव्याचा व प्रवासाचा खर्च विम्याच्या दरात समाविष्ट व्हावा. चौथी, प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंद व्हावी, कारण भारतातील खरे प्रमाण कळल्याशिवाय वर केलेले गणित अंदाजच राहते. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन यंत्रणेला किफायतशीरपणा तपासण्यासाठीही अशीच माहिती लागते.

साधनांच्या वाटपात कार्यक्षमता व समता यांचा मेळ घालणे हे कल्याणकारी राज्याचे कर्तव्य आहे. केवळ प्रतिरुग्ण खर्च पाहिला तर दुर्मीळ आजार नेहमीच मागे पडतील. केवळ करुणेने निर्णय घेतला तर असंख्य मुलांच्या प्राथमिक गरजांवरील निधी कमी होईल. कवटीच्या या विकारांत मात्र दोन्ही उद्दिष्टे एकाच दिशेने नेतात. वेळेवर घेतलेला संशय, अचूक नमुना आणि लहानसा छेद यांनी मुलाचे आरोग्य टिकते, कुटुंब कर्जातून वाचते आणि सरकारी निधीचीही बचत होते. जिल्ह्याला वर्षाकाठी दोन मुले ही संख्या लहान दिसते. परंतु त्या दोन मुलांपर्यंत पोहोचू शकणारी आरोग्यव्यवस्था उर्वरित लाखो मुलांनाही अधिक चांगली सेवा देऊ शकेल.